साहेब घरात नकोत

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
५ जून २०२४

ती. चंदनाक्कास शंभूचा नमस्कार,

पत्राला उशीर झाला. फोन करावा असं मनात येतं, पण तुझ्या घरी फोन केला की दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि दुकानातला गुमास्ता, हमाल आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक मिळून माझी खुशाली ऐकतात. त्यापेक्षा बाबांनी लावलेली सवय बरी. आपण दोघं कानडी शाळेत शिकलेले, म्हणून तुझ्या लग्नात त्यांनी बजावलं होतं की बहीणभावांनी एकमेकांना मराठीतूनच लिहायचं, नाहीतर अक्षरं विसराल. बाबा गेले, आपली अक्षरं होती तशीच वाकडी राहिली, पण सवय टिकली.

आता कामाचं. भूमीला सांभाळायला मी नोकरी सोडून घरी राहिलो त्याला दोन वर्षं होत आली. तुला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आणि सगळ्या गोतावळ्यात माझी काय चेष्टा झाली तेही मला माहीत आहे. पण खरं सांगतो, घर मी चांगलं चालवतो. वल्लरी सकाळी आठला कंपनीत जाते, ती संध्याकाळपर्यंत भूमीचं सगळं माझ्याकडे. पार्कातल्या आया नाचणीच्या पेजेचं प्रमाण मला विचारतात. घरातला कुठला डबा कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगेन.

फक्त फरशीने मला हरवलंय. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे आणि तिथली सगळी धूळ आमच्या हॉलमध्ये मुक्कामाला येते. मी पुसतो, भूमी त्यावरून रांगोळी काढल्यासारखी पावलं उमटवत जाते. वल्लरी म्हणाली, बाई ठेवू. मला आधी रागच आला. म्हणजे मी कमी पडतो असंच ना? पण मग पाठ धरली तेव्हा मुकाट्याने हो म्हटलं.

गंमत पुढेच आहे. बाई मिळेना. एक आली, दारातून आत डोकावली आणि विचारलं, "मेडम इल्वा?" मी म्हटलं, मेडम कामावर जातात, घरी मीच असतो. ती "सरी" म्हणाली आणि गेली, ती आलीच नाही. दुसरीचंही तेच. शेवटी वॉचमनची बायको अनुसूया हिने मला खुलासा केला की ज्या घरात दिवसभर एकटा पुरुष असतो, तिथे कोणी बाई कामाला येत नाही, उगाच नाव खराब होतं. त्यांचंही बरोबर आहे. पण मग मी काय करू, मिशी काढू? तूच काहीतरी सुचव.

तुझा,
शंभू


यशवंतपूर
११ जून

चि. शंभूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की हातातली कणीक तशीच वाळली. नाव शंभूराज, आणि कामाच्या बायका तुला घाबरून पळतात. बाबा असते तर त्यांनी हे गल्लीभर सांगितलं असतं.

उपाय सोपा आहे. घरात बाईमाणूस आहे असं दिसलं पाहिजे. माझी नेहमीची हिरवी सुती साडी या पत्राबरोबर पाठवते. रोज सकाळी बाल्कनीत वाळत घाल. कोणी विचारलं तर सांग, थोरली बहीण राहायला आली आहे, आत आहे. एकदा बाई घरात रुळली की मग खरं कळलं तरी ती जाणार नाही.

बाकी तुमचं बरं आहे. तुझ्याकडे घरी पुरुष असतो म्हणून बाई येत नाही, आणि माझ्याकडे घरी बाई असते म्हणून बाई ठेवत नाहीत. धुणं, भांडी, फरशी आणि दुकानातल्या माणसांचे डबे, सगळं माझ्या अंगावर. आमचा शौर्य लहान असताना मी एकदा विषय काढला होता, तेव्हा तुझे दाजी म्हणाले, तू घरीच तर असतेस. त्यानंतर मी विषय काढला नाही. आता शौर्य हॉस्टेलवर गेला तरी काम तेवढंच आहे. आणि वल्लरीने नुसतं म्हटलं, बाई ठेवू, की तू निघालास शोधायला. असो. नशीब ज्याचं त्याचं.

साडीला इस्त्री करू नकोस, खोटी वाटेल.

तुझी,
अक्का


एचएसआर लेआउट
२९ जून

ती. अक्का,

तुझ्या साडीने काम केलं आणि मग माझी पुरती शोभाही केली.

ती बाल्कनीत लटकली आणि त्याच आठवड्यात बाई मिळाली. भागुबाई नाव. पन्नाशीची, उंच, तोडून बोलणारी. पहिल्या दिवशी तिने विचारलं, अक्का कुठंयत? मी म्हटलं, आंघोळीला गेल्यात. दुसऱ्या दिवशी म्हटलं, देवळात. त्यानंतर अक्का झोपल्या, अक्कांना ताप आला, असं माझ्या तोंडून एकेक निघत गेलं. एक दिवस ती बाल्कनीत गेली, साडीला हात लावला आणि म्हणाली, "साडी आठवडाभर कोरडीच आहे की. अक्का हायत का न्हाईत?" मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. भूमीने मात्र स्वच्छ सांगितलं, "नाहीत."

भागुबाईने झाडू कोपऱ्यात उभा केला. म्हणाली, "मेडम घरी असतील तेवढ्या वेळातच येते बघा. आणि साहेब घरात नकोत."

संध्याकाळी वल्लरीला सांगितलं तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिने ऑफिसात सांगून सकाळचे दोन तास घरून काम करायची परवानगी घेतली. आता रोज आठ वाजता भागुबाई येते आणि मी भूमीला घेऊन घराबाहेर पडतो. अगरा तळ्याला फेरी मारतो, बदकं बघतो, दहाला परत येतो. येऊन बघावं तर घर लखलखीत आणि ओट्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेली कॉफी.

आणखी एक. भागुबाई अक्कलकोटकडची निघाली. वल्लरी सोलापूरची. दोघींना एकमेकींची गावं, यात्रा, कडक भाकरी सगळं माहीत, कॉफी घेत गप्पा मारत बसतात. वल्लरी खूश आहे, मीही खूश आहे. साडी धुऊन परत पाठवू का?

तुझा शंभू


यशवंतपूर
६ जुलै

चि. शंभूस आशीर्वाद.

साडी राहू दे. फरशी पुसायला घे.

तू खूश आहेस हे वाचून मला आश्चर्य वाटलं. म्हणजे तू पोरीला कडेवर घेऊन तळ्याकाठी हिंडतोस आणि तुझ्या स्वयंपाकघरात त्या दोघी कॉफी पीत बसतात. कामाच्या बाईबरोबर घरची सून बसून कॉफी घेते हे मी आपल्याकडे कधी पाहिलं नाही. मला तर दुपारी चार घोट चहा घ्यायला बसले तरी दुकानातून हाक येते.

माझं मन वाईट नाही, तुला माहीत आहे. पण रोज दोन तास दोन बायका काय बोलत असतील याचा विचार केलास का? घरातल्या गोष्टी अशाच बाहेर जातात. आणि नुसतं गावचं बोलायला इतके दिवस पुरत नाहीत. जरा कान उघडे ठेव. बायको तुझी आहे, घरही तुझं आहे.

अक्का


एचएसआर लेआउट
२६ जुलै

ती. अक्का,

तू लिहिलंस आणि माझं लक्ष जायला लागलं. आधी गेलं नव्हतं हे बरं होतं असं आता वाटतं.

मोहरीचा डबा खालच्या फळीवर गेला आहे. भूमीच्या फ्रॉकांच्या घड्या मी घालतो तशा नसतात, बारीक चौकोनी असतात. खलबत्ता कपाटाच्या वरून खाली आला आणि त्यात शेंगाचटणी कुटली जाते. हे सगळं मी बाहेर असताना होतं. परवा लिफ्टमधून बाहेर आलो तर आतून वल्लरीचा आवाज येत होता. "काय करायलीस गं, ठेव की ते, बस की इथं." अक्का, हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. माझ्याशी ती अर्धं इंग्रजी बोलते. आपल्या बोलण्यातलं कानडी स्वल्प आणि सरी ऐकून लग्नात तिच्या बहिणी हसल्या होत्या, तेव्हापासून मीही तिच्याशी जपूनच बोलतो. आणि ती कामाच्या बाईशी तिच्या आईच्या भाषेत बोलत होती, हसत होती. मी किल्ली लावली आणि आतलं हसणं थांबलं.

एकदा भूमीची टोपी विसरली असं निमित्त करून मध्येच परत आलो. भागुबाई हातातला पेला ठेवून उठली. वल्लरीचे डोळे लाल होते. तिने मला विचारलं, "काय राहिलं?" घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं. मी टोपी घेऊन बाहेर पडलो. तळ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की टोपी भूमीच्या डोक्यावर होतीच, मी आणलेली दुसरी.

संध्याकाळी वल्लरी येते ती गप्प. ऑफिसात काय झालं विचारलं तर नेहमीचंच म्हणते. भागुबाईशी काय बोलतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, असंच. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस तीन वर्षांचं आहे. मी संध्याकाळची वाट बघत असतो, आणि तिचं सगळं बोलणं सकाळीच संपलेलं असतं. मला हेवा वाटतो, अक्का. लाज वाटते लिहायला, पण भांडी घासणाऱ्या बाईचा मला हेवा वाटतो.

आणि आता खरं काय झालं ते. काल फाटकापाशी भागुबाईने मला थांबवलं. ती स्वतःच काळजीत होती. म्हणाली, "साहेब, मेडम नोकरी सोडून घरी बसायचं म्हणायल्यात. मग मला काढणार काय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. मला सगळं माहीत असल्यासारखा चेहरा केला. मला काहीच माहीत नव्हतं.

वल्लरी घरी राहणार म्हणजे मी घरी राहणार नाही, एवढं मला कळतं. दोघांनी घरी बसून चालत नाही. भूमीची पेज, तिची दुपारची झोप, तिची गोष्ट, सगळं ती घेणार, आणि मी परत कुठल्यातरी काचेच्या इमारतीत जाऊन बसणार. ही जागा मी लोकांची बोलणी खाऊन मिळवली. ती माझ्याकडून जाणार हे कामाच्या बाईला आधी कळलं. वल्लरीला विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

शंभू


यशवंतपूर
३० जुलै

शंभू,

मी म्हटलं होतं. रडत बसू नकोस, ऐक.

बाईला काढ. आजच्या आज काढ. ती नसली की वल्लरीला बोलायला तूच उरशील, आणि घरी बसायचं हे जे खूळ आहे ते त्या बाईनेच डोक्यात भरवलेलं असणार. सकाळी मजेत बसून गप्पा मारायला मिळाल्या तर कोणालाही घरी राहावंसं वाटेल. वल्लरीला सगळंच पाहिजे. नोकरी पाहिजे, बाई पाहिजे, तुझ्यासारखा नवरा पाहिजे, आणि आता तुझी जागाही पाहिजे. काहीतरी एक सोडायला शिकू दे तिला.

जास्त बोलू नकोस. येऊ नको एवढंच सांग.

अक्का


एचएसआर लेआउट
९ ऑगस्ट

ती. अक्का,

काढलं.

सोमवारी वल्लरी आंघोळीला गेली तेव्हा मी खाली जाऊन फाटकापाशी उभा राहिलो. भागुबाई आली. तिला म्हटलं, मेडमनी सांगितलंय, उद्यापासून नको, आजही नको. मेडमचं नाव का घेतलं ते मला माहीत नाही. कदाचित माझ्या नावावर ती थांबली असती. तिने वर आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. विचारलं, "मेडम सोता म्हणल्या?" मी हो म्हटलं. ती वळली आणि गेली.

वर येऊन वल्लरीला सांगितलं की भागुबाई काम सोडून गेली, दुसरीकडे जास्त मिळतंय म्हणे. वल्लरी ओल्या केसांनीच ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "मला न सांगता?" आणि काही वेळाने परत तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आठ वाजता तयार होऊन दोन पेले ओट्यावर ठेवून बसली होती. कोणी आलं नाही. मग तिने एक पेला धुऊन ठेवला आणि कंपनीत गेली.

तू लिहिलं होतंस की मग बोलायला मीच उरेन. मी उरलोय. ती माझ्याशी बोलत नाही. रागावलेली नाही, भांडत नाही, फक्त सकाळी जाते आणि संध्याकाळी येते. भूमी झोपायला माझ्याकडे आली की ती दाराशी उभी राहून बघते आणि मग लॅपटॉप उघडते. मोहरीचा डबा मी परत वरच्या फळीवर ठेवला. त्याने मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

आता खरं सांगितलं तर ती कायमची बोलायची बंद होईल, आणि नाही सांगितलं तरी बंदच आहे. पुढे काय करायचं हे तू लिहिलं नाहीस.

शंभू


एचएसआर लेआउट
२२ ऑगस्ट

ती. सौ. चंदनाताईंना नमस्कार,

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. तुम्हा दोघांची ही सवय मला नेहमी गोड वाटायची. आता तितकी वाटत नाही.

वरमहालक्ष्मीच्या सणाला मी बिल्डिंगमधल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. अनुसूया आली, कुंकू लावून घेतलं आणि म्हणाली की भागुबाईला तुम्ही असं एका शब्दात काढायला नको होतं, ती नंतर फाटकापाशी बसून रडली. मी म्हटलं, मी काढलं? सगळ्या गेल्यावर शंभूला विचारलं. तो सिंकपाशी होता, नळ चालू होता. त्याने नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. सल्ला कोणाचा होता तेही सांगितलं. म्हणून हे पत्र.

मी काय बोलायचे ते तुम्हाला जाणून घ्यायचं होतं ना, ताई? सांगते. मी बोलायचे कमी, कामच करायचे. भागुबाई भांडी घासायच्या आणि फरशी मी पुसायचे. भूमीच्या फ्रॉकांच्या घड्या मी घालायचे. माझ्या घरात ते दोनच तास असे होते की मी कशाला हात लावला तर "असं नाही, दे इकडे" असं कोणी म्हणत नव्हतं. शंभू प्रेमाने म्हणतो, मला माहीत आहे. पण माझ्या मुलीला कुठली पेज आवडते हे मला विचारून घ्यावं लागतं. जुलैमध्ये भूमी हॉलमध्ये पडली. मी शेजारीच बसले होते. ती उठली आणि मला ओलांडून आत शंभूकडे गेली. ते मी भागुबाईंना सांगितलं आणि रडले. शंभू टोपी न्यायला आला तो त्याच दिवशी.

दिवसभर मीटिंगमध्ये बोलून मी घरी येते आणि ही दोघं जमिनीवर बसून ठोकळे रचत असतात. मला शंभूचा इतका हेवा वाटतो की तोंड उघडलं तर तेवढंच बाहेर येईल, म्हणून मी गप्प बसते. भागुबाईंना म्हटलं, वाटतं की नोकरी सोडावी, शाळा सुरू होईपर्यंतचं एक वर्ष भूमी माझी असावी. शंभूला म्हटलं नाही. त्याने सगळ्यांचं ऐकून घेऊन ही जागा मिळवली. त्याची जागा मागायची मला लाज वाटली. एवढंच गुपित होतं.

खोटं शंभू बोलला, ते माझं आणि त्याचं आम्ही बघू. पण तुम्ही भागुबाईंना पाहिलेलंही नाही. त्यांनी तुमचं काय केलं होतं?

वल्लरी


एचएसआर लेआउट
८ सप्टेंबर

ती. अक्का,

वल्लरीने तुला लिहिलं हे मला तिने सांगितलं. तुझं उत्तर आलेलं नाही. मी तुला दोष देत नाही, पोस्टमन सल्ला आणतो, करायचं की नाही ते आपणच ठरवतो.

भागुबाईकडे जाऊन आलो, वल्लरी आणि मी दोघं. मी तिच्या सुनेसमोर सांगितलं की मेडम काही बोलल्या नव्हत्या, मीच खोटं बोललो. तिने वल्लरीचा हात धरला आणि मला म्हणाली, "तुमच्या घरात एक बोलत न्हाई, दुसरा विचारत न्हाई, आणि काम माझं जातंय." परत यायला तयार नाही. दुसरी घरं धरली आहेत, ती सोडणार नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही.

घरी आल्यावर आम्ही भांडलो. नीट भांडलो, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं. भूमीला शेजाऱ्यांकडे ठेवून भांडलो. वल्लरी म्हणाली, तुला माहीत आहे का, मला माझ्याच घरात मोहरी शोधावी लागते. मी म्हटलं, तुला माहीत आहे का, तू आलीस की पार्कातल्या आया मला विचारायच्या बंद होतात, मुलीची आई आली म्हणून. कोणाचं जास्त खरं हे काही ठरलं नाही. पण शेवटी ती एका वर्षाची बिनपगारी रजा घेतेय आणि मी हेब्बाळच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आलो. पुढच्या महिन्यापासून जायचं.

पेज कशी करायची ते मी तिला दाखवतोय. ती नाचणी आधी भाजते. मी भाजत नाही. भूमीने तिची पेज चाटून पुसून खाल्ली. मी बघत होतो, मला बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण तुला कशाला खोटं लिहू? रात्रभर ते डोक्यात होतं.

शंभू


यशवंतपूर
१९ सप्टेंबर

चि. सौ. वल्लरीस आशीर्वाद. हे शंभूलाही वाचायला दे.

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन वाचलं. उत्तर द्यायला बसले की राग यायचा, आधी तुझा, मग माझा. म्हणून इतके दिवस गेले.

भागुबाईने माझं काही केलं नव्हतं. तुझाच राग होता. शंभूचं पत्र आलं की तुझी सकाळ माझ्या घरात यायची. नवरा पोरीला घेऊन बाहेर गेलाय, फरशी कोणी दुसरंच पुसतंय, तू बसून कॉफी पितेयस आणि समोर तुझ्या गावचं माणूस तुझं ऐकतंय. मी ते वाचायचे आणि मग डब्यांच्या पोळ्या लाटायला लागायचे. मला वाटायचं, हिलाच सगळं कसं मिळतं? यातलं एक काहीतरी जाऊ दे. फरशी तूच पुसायचीस, हे मला तेव्हा कळलं असतं तरी माझा हेवा गेला असता असं नाही. तुझ्याकडे बसून रडायला माणूस होतं.

पण तू लिहिलंस, त्याची जागा मागायची लाज वाटली. आणि शंभूने लिहिलं होतं, माझी जागा जाणार. हे मला काही केल्या समजेना. तुम्ही दोघं शिकलेली माणसं, आणि भांडताय कशासाठी, तर पोरीची पेज कोणी करायची आणि ती पडली तर कोणाकडे धावेल. ती जागा माझ्याकडे लग्न झाल्यापासून आहे. कोणी मागितली नाही. कोणी घेऊन जाईल अशी भीती मला एक दिवसही वाटली नाही. शौर्य पडला की माझ्याकडेच यायचा, कारण घरात दुसरं कोणी नसायचं. मला वाटायचं, सगळ्यांनी आपापलं घेतल्यावर जी उरते ती ही जागा. तिच्यासाठी कोणी रडतं, खोटं बोलतं, रात्रभर जागतं, हे मला तुमच्याकडून कळलं. आता माझा हेवा तुझ्या कॉफीचा नाही. तुमच्या भांडणाचा आहे.

काल हे जेवायला बसले. मी वाढता वाढता विचारलं, मी थोडे दिवस शंभूकडे गेले तर इथलं कोण बघेल? मला वाटलं, हातातला घास थांबेल. निदान वर बघतील. यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "त्यात काय, कोणीही बघेल."

शनिवारी सकाळच्या बसने येते आहे. परतीचं काही ठरवलेलं नाही. बघू दे कोणीही.

तुमची,
चंदना